साडूंनी टोचलेली फुलं

रेवसच्या धक्क्यापासून किहीमच्या वाळूपर्यंत आमच्या थोरल्या साडूंइतका संतापी माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी नाजूक फुलं करणाराही सापडणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कोंबताना देवाने निदान माझा तरी विचार करायला हवा होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात त्यांनी रेवसहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचचं इंजिन सांभाळण्यात घालवली. बोटं राजेळी केळ्यांएवढी आणि आवाज इंजिनावर मात करून करून कमावलेला, त्यामुळे ते ‘चहा घे’ म्हणाले तरी समोरचा दचकतो. असा माणूस निवृत्त झाल्यावर भजनी मंडळात जातो, ग्रामपंचायतीत भांडतो, निदान पत्ते तरी कुटतो. आमचे साडू पडवीत चटई टाकून, छातीवर लावायच्या शोभेच्या पिना करू लागले.

याचं मूळही संतापातच आहे. त्यांच्या नातीने अलिबागच्या बाजारातून कापडी गुलाबाची पिन आणली होती. संध्याकाळपर्यंत गुलाब एकीकडे आणि पिन एकीकडे झाली. साडूंनी ते दोन तुकडे तळहातावर घेतले आणि भर खाडीत कोणी लाँचचा पंखाच काढून नेल्यासारखा चेहरा केला. “फसवनूक हाय ही! नुसता गोंद थापलाय. टाका न्हाय, काय न्हाय!” दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः अलिबागला जाऊन रंगीत फेल्टचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे, मणी, बटणं आणि पाकीटभर सेफ्टी पिना घेऊन आले. आधी कागदावर पाकळी काढायची, तिच्या मापाने फेल्ट कापायचं, बुडाशी धावदोरा घालून चुणी ओढायची, मधोमध मणी बसवायचा, मागे गोल चकती लावायची आणि त्या चकतीला पिन शिवायची, तीसुद्धा मासे धरायच्या नायलॉनच्या तंगुसाने. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पण तयार झालेली पिन ते खिडकीच्या पडद्याला लावत आणि तिला घराचं कुलूप टांगून ठेवत. पिन टिके, पडदे फाटत. माझ्या मेहुणीने, म्हणजे ताईंनी, त्या वर्षी तीनदा पडदे बदलले.

पडदे संपल्यावर माझे शर्ट सुरू झाले. मला विचारायची पद्धत साडूंच्या घराण्यात नाही. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, की ते माझी कॉलर धरून जवळ ओढत आणि छातीवर काहीतरी टोचत. माझ्या एका चांगल्या शर्टाला खिशाच्या वर इतकी भोकं आहेत, की इस्त्रीवाल्याने मला, घरात उंदीर झालेत का, असं विचारलं. एकदा गावात कोणी वारलं म्हणून मी साडूंकडून तसाच भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि त्या घरची म्हातारी रडता रडता थांबून माझ्या छातीकडे बघत राहिली. मी खाली पाहिलं. तिथे डोळ्यांच्या जागी काळे मणी लावलेली, मिशा ताठ केलेली फेल्टची केशरी कोळंबी होती. मी तणतणत साडूंकडे गेलो आणि त्यांना जाब विचारला. ते म्हणाले, “सुटली का? न्हाय ना? मग ओरडतोस कशाला?” लावलेली पिन काढणं हा त्यांच्या लेखी अपमान. दुरून येताना दिसले तरी आधी माझी छाती तपासणार, मग माझी खुशाली.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी साडूंना हात जोडून सांगितलं, “भाऊ, एवढ्या लग्नात पिना नकोत.” त्यांनी मान हलवली. मी ती होकाराची समजलो. लग्नाच्या दिवशी सकाळी ते हॉलवर आले ते काखेत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊनच. आत सोनचाफा होता. पिवळ्या फेल्टचा, प्रत्येक पाकळी टोकाशी किंचित वळलेली, आणि प्रत्येक वऱ्हाड्यासाठी एक. पाकळ्या वळवण्यासाठी दोन महिने ते पाण्यात बुडवलेलं फेल्ट पेन्सिलीला गुंडाळून उन्हात ठेवत होते, हे मला ताईंनी तिथे सांगितलं. साडू डबा घेऊन दारात उभे राहिले आणि पहिली पिन त्यांनी, जन्मात पहिल्यांदाच न टोचता, हातावर ठेवून विहीणबाईंपुढे धरली.

विहीणबाई मुंबईच्या. त्यांनी येणाऱ्यांसाठी मोत्यांच्या विकतच्या पिना आणल्या होत्या. त्यांनी सोनचाफा दोन बोटांत धरला, उलटा केला, मागचा तंगूस पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे हो, घरगुती. पण फोटोत बरं नाही दिसायचं. मुलांना द्या ना खेळायला.”

मी साडूंकडे पाहिलं. आता हॉलचं छप्पर उडणार, अशी माझी खात्री होती. पण साडूंनी डब्याचं झाकण लावलं. एक कोपरा बसत नव्हता, तो अंगठ्याने दाबून बसवला, आणि ते बाजूला झाले.

मग कोण ओरडलं? मी ओरडलो! ज्याचे शर्ट फाटले, ज्याची सुतकाच्या घरात शोभा झाली, तो मी, मुलीचा बाप, भर मांडवात विहीणबाईंना म्हणालो, “खेळायला? या माणसाने दोन महिने डोळे फोडलेत! तुमच्या मोत्यांना कोणी एक टाका तरी घातलाय का?” सनई थांबली. बायकोने कपाळाला हात लावला. विहीणबाई तरातरा बाहेर जाऊन गाडीत बसल्या आणि त्यांनी काच वर केली.

तोवर साडू ताईंना घेऊन गाडीकडे निघाले होते. मी मागोमाग धावलो. त्यांनी काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

“बाई, तुमचं खरं हाय. फोटोत न्हाय शोभनार,” साडू म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “पन तुमची पैठनी जड हाय, पदर सारखा घसरतोय. मघापासून बघतोय, तुमचा एक हात त्यातच अडकलाय. आतल्या बाजूनं लावा, कोनाला दिसनार न्हाय. आज पोराचं लगीन हाय, दोनी हात मोकळे पायजेत.”

विहीणबाईंनी घसरलेला पदर पुन्हा खांद्यावर ओढला. मग त्यांनी दार उघडलं. ताईंनी त्यांच्या खांद्याशी, पदराच्या निऱ्यांच्या आत, सोनचाफा लावला. अक्षता पडल्या तेव्हा त्या दोन्ही हातांनी टाकत होत्या, हे मी पाहिलं. ती पिन त्यांनी परत केली नाही, आणि साडूंनी मागितली नाही. मला मात्र साडूंनी जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, पूर्ण आवाजात झापलं: “तुला कोनी सांगितलेलं मधी पडायला? पोरीचं वाटोलं करत होतास!”

त्याला आता काही वर्षं झाली. साडूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं दिसत नाही. पाकळ्या ते अंदाजाने कापतात, टाके बोटाने चाचपून घालतात. सुईत दोरा मात्र ओवता येत नाही, आणि ताईंचीही नजर अधू झालीय. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी माझी कॉलर धरली नाही. सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, “जरा ओवून दे.” मी ओवून दिली. त्यांनी दुसरी काढली. मग तिसरी.

तेव्हापासून दर रविवारी मी जातो. पडवीत बसून आठवडाभर पुरतील एवढ्या सुया ओवतो आणि सुया टोचायच्या छोट्या उशीत एका ओळीने खोचून ठेवतो. निघताना ते त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवतात, आणि एखाद्या दोऱ्याला गाठ मारायची राहिली असेल, तर अजूनही ओरडतात.