पायरीच्या आतली गॅरंटी

शर्टाची कॉलर बसवणं हे गारमेंट कारखान्यात किचकट काम. बंगळुरातल्या पीण्या भागात एका कारखान्यात नागवेणी बारा-चौदा वर्षं कॉलरीच बसवत होती, आणि पाळी सुटल्यावर संध्याकाळी तिथल्याच श्रीरामपुरात येऊन माणसं मारत होती. म्हणजे कॉम्प्युटरवर. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, डोक्यात कोमेजलेला गजरा, कमरेला पदर खोचलेला, आणि सायबर कॅफेच्या मागच्या खोलीत पोरांच्या रांगेत बसून बंदुकीचा खेळ.

ती तिथं गेली होती प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज भरायला. सर्व्हर बंद होता म्हणून सायबरवाल्यानं बसवून ठेवलं. शेजारचा पोरगा खेळ अर्धा टाकून चहाला उठला, तसा हिनं त्याचा माऊस धरला. पोरगा परत आला तर त्याचा गडी जिवंत होता आणि समोरचे तिघं आडवे. फंडाचं काम पुढं सहा महिने रखडलं. खेळाचं नाही.

पाच जणांचा संघ झाला. म्होरक्या प्रज्वल, कुरिअरची पाकिटं वाटणारा. राज्याच्या स्पर्धेत नाव द्यायचं ठरलं, आणि नेमकं तेव्हाच सायबरवाल्यानं जागा बिर्याणीवाल्याला देऊन टाकली. स्पर्धेची पहिली फेरी ज्यानं-त्यानं आपापल्या घरून खेळायची होती. बाकी चौघांकडं घरी मशीन होतं. नागवेणीकडं मिक्सर होता.

"अक्का, वाईट वाटून घेऊ नको," प्रज्वल म्हणाला. "दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला नावं पाठवायची आहेत. त्याच्या आत तुझ्या मशीनवरून येऊन आमच्याबरोबर एक डाव खेळून दाखव. नाहीतर पाचव्या जागी माझा मावसभाऊ घालतो."

"तुझा मावसभाऊ? तो तर भिंतीला गोळ्या घालतो की रे."

"घालतो. पण स्वतःच्या मशीनवरून घालतो."

तिच्या भिशीचे बावीस हजार त्याच आठवड्यात हातात आले होते. शोरूममधलं खेळाचं मशीन म्हणजे साठ हजारांच्या पुढं. नवरा मुनिराज रिक्षा चालवायचा. त्यानं हिशेब लगेच मांडला. "बावीसमध्ये गीझर येतो. वर बसवायचे पैसे उरतात."

"गीझरवर खेळता येतं का?"

"पोरांत बसून ठो-ठो करायला बावीस हजार? लोक मला काय म्हणतील?"

"गीझर नाही म्हणतील," नागवेणी म्हणाली, आणि पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी रजा टाकून एस. पी. रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात निघाली. तिथलं मी ऐकीव सांगत नाही. शेजारधर्म म्हणून पिशव्या माझ्या हातात होत्या.

दुपारपर्यंत तिनं निम्मा बाजार पालथा घातला. आयटीवाल्यांच्या ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटरचा एक काळा टॉवर घेतला. दिवसभर पत्रं टाइप करण्यापलीकडं त्याला कुणी राबवलं नव्हतं. घरंदाज म्हशीसारखा, अंगानं धडधाकट. कोपऱ्यात ओरखडा असलेला पडदा घेतला, जुना कीबोर्ड, माऊस आणि हेडफोन घेतला. टॉवरातला वीज पुरवणारा डबा अशक्त म्हणून दुसरा दणकट डबा. शेवटी राहिलं ते ग्राफिक्स कार्ड. खेळाचं चित्र हेच कार्ड रंगवतं; ते नसलं तर बाकीचं सगळं नुसतं टाइपरायटर. नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून घेवरचंद शेटजींच्या दुकानात गेलो. तिथं जुन्या कार्डांची चळत विटांसारखी रचलेली. कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखी नाणी काढायच्या धंद्यात दिवसरात्र राबून भाजून निघालेली कार्डं ती.

"शेटजी, गॅरंटी किती?"

"जुन्याला कसली गॅरंटी, बाई? चेकिंग तेवढी. इथं माझ्या मशीनवर लावून बघायचं. दुकानाची पायरी उतरलीस की तू तुझी, मी माझा."

सगळ्या रस्त्याची हीच रीत. गिऱ्हाईक येतं, कार्ड लावतं, चित्र दिसलं की पैसे टाकून पळतं. रात्री घरी बोंबलतं.

"आणि पायरी उतरलेच नाही तर?" नागवेणीनं विचारलं.

शेटजी हसले. "न उतरून राहशील कुठं?"

"इथंच," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

सायबरवाल्याकडून खेळ एका डिस्कमध्ये भरून आणला होता. ती शेटजींच्या मशीनला जोडली आणि ही बाई दुकानात खेळायला लागली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शेटजींनी दोनदा घसा खाकरला. "बाई, चित्र दिसलं ना?"

"दिसतंय की. छान दिसतंय."

"मग?"

"मग दिसू दे की अजून."

अर्ध्या तासानं पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उगवले आणि खेळ गोठला. नागवेणीनं कार्डाला बोट लावलं, चटका बसला तसं बोट तोंडात घातलं. "शेटजी, तवा आहे हा. यावर डोसा घाला."

"असं तासतासभर कुणी बघतं का?"

"मी पायरी उतरले का?"

शेटजींनी पहिलं कार्ड उपसलं. दुसरं कार्ड लागलं. एव्हाना शेजारच्या दुकानांतली माणसं दारात जमली होती. कमरेला पदर खोचलेली बाई पटापट गडी पाडतेय म्हटल्यावर चहावाला किटली घेऊन तिथंच थांबला. कुणी म्हणालं, "शेटजी, तिकीट लावा." त्या गर्दीतल्या दोघांनी उभ्या-उभ्या माऊस विकत घेतले, त्यामुळं शेटजींचा पारा जरा उतरला. पण दुसरं कार्डही तापलं आणि पडदा काळा झाला.

पाच वाजून गेले होते. दुकानं धुवायला सुरुवात झाली होती; या रस्त्यावर आयुधपूजा आदल्या संध्याकाळीच होते. शेटजींच्या नोकरानं झेंडू आणले, काउंटरवर पाणी मारलं आणि तपासणीच्या मशीनला हळदकुंकू लावून टाकलं.

"झालं," शेटजी म्हणाले. "पूजेला बसवलेल्या आयुधाला आता परवापर्यंत हात लावायचा नाही. हे तिसरं कार्ड घे, नाहीतर पूजेनंतर ये."

परवा येऊन काय उपयोग? तोवर पाचव्या जागी मावसभाऊ बसलेला असणार. तपासणी न करता कार्ड न्यावं तर घरी पोचेपर्यंत सहा वाजणार, आणि ते तिसरं भाजकं निघालं तर पैसेही गेले. नागवेणीनं माझ्या पायाशी ठेवलेल्या टॉवरकडं पाहिलं.

"तुमचं आयुध पूजेला बसलं. माझं नाही बसलेलं," ती म्हणाली, आणि ओल्या फरशीवर पोतं पसरून तिनं टॉवरचा पत्रा काढला.

जुना डबा निघाला, नवा बसला. कार्ड खाचेत दाबताना कट्ट असा आवाज आला तशी दारातली माणसं "बसलं, बसलं" म्हणाली. पडदा स्टुलावर ठेवला, खेळाची डिस्क लावली, माझ्या मोबाइलचं नेट जोडलं. भटजी पायरीवर चपला काढत होते. प्रज्वलचा फोन आला: "अक्का, वीस मिनिटं राहिलीत. भाऊ इथं बसलाय."

"त्याला बसू दे. उठायची तयारी पण ठेव म्हणावं."

खेळ सुरू झाला, आणि चित्र बैलगाडीसारखं चालायला लागलं. गडी एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग दोन पावलं एकदम. दारातला चहावाला हळहळला. "अक्का, हे पण गेलं."

शेटजी जवळ आले. आता त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "बाई, नशीब नाही आज. पैसे देऊ नको, घरी जा. पूजा करू दे."

नागवेणीनं सवयीनं कार्डाला बोट लावलं, आणि लावूनच ठेवलं. कार्ड गार होतं. आधीच्या दोघांनी बोटं भाजली होती, आणि हे विहिरीच्या दगडासारखं गार. राबणारी वस्तू गार कशी राहील? ती टॉवरच्या मागं वाकली. घाईत पडद्याची वायर तिनं टॉवरच्या आपल्या जुन्या भोकात खुपसली होती. कार्डाच्या भोकात नाही. कार्ड बिचारं आत रिकामं बसलेलं, आणि चित्र ओढत होता तो पत्रं टाइप करणारा टॉवर एकटा.

"अय्यो, माझी अक्कल," म्हणत तिनं वायर उपसली आणि खालच्या भोकात घातली.

पडदा उजळला. पंखे भुर्रकन फिरले. चित्र तेलासारखं वाहायला लागलं.

मग त्या फरशीवर जे झालं ते एस. पी. रोडनं बघितलं. प्रज्वलचे तिघं गडी पहिल्या झपाट्यातच पडले. हेडफोनमधून त्याचं ओरडणं आम्हाला ऐकू येत होतं. मग तोही पडला. समोर चौघं, इकडं नागवेणी एकटी. ती एका दाराआड बसून राहिली. भटजींनी कापूर पेटवायला काडी ओढली.

"थांबा स्वामी," शेटजी म्हणाले. "चौघं आहेत अजून."

भटजी थांबले. पहिला जिन्यावर पडला. दुसरा खिडकीत. तिसऱ्यानं तिला गाठलंच होतं, पण ती कॉलरचा कोपरा वळवावा तशी चटकन वळली आणि तोही गेला. चौथा पळायला लागला. त्याला तिनं पळू दिलं, अगदी फाटकापर्यंत. मग एकच गोळी.

दारातल्या माणसांनी टाळ्या पिटल्या. हेडफोनमधून प्रज्वल म्हणाला, "पाठवलं, अक्का. तुझं नाव पाठवलं."

"मावसभाऊ?"

"तो तुझा खेळ बघत होता. तोच म्हणाला पाठव."

त्यानंतरही ती आणखी अर्धा तास खेळली, कार्ड तापतं का बघायला. आरती होऊन गेली, शेटजींनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला तो तिनं डाव्या हातानं घेतला, उजवा माऊसवर होता. कार्ड कोमट झालं, पण टिकलं. शेटजींनी सांगितलेल्या किमतीतून स्वतःहून पाचशे कमी केले. "पुढच्या वेळी मात्र," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या दुकानात जा."

मुनिराज न्यायला आला. रिक्षा धुऊन पुसून लखलखत होती, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. त्यानं टॉवरकडं पाहिलं. "माझ्या धुतलेल्या गाडीत हे भंगार?"

"भंगार म्हणाल तर मी डोक्यावर घेऊन चालत येते," नागवेणी म्हणाली.

"बरं, बस. खेळून दाखवलंस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"चहावाला. कोपऱ्यावर सगळ्यांना सांगत उभा आहे. आमच्या स्टँडवर सांगेल आता हे."

ती टॉवर मांडीवर घेऊन बसली, लेकरू धरावं तसा. मी पडदा धरला. खड्डा आला की ती मागून म्हणायची, "सावकाश," आणि मुनिराज, जो बंगळुरात कुणासाठी सावकाश गेला नाही, तो सावकाश जायचा. सिग्नलला रस्त्याकडेला कोहळ्यांचा ढीग लागला होता. उद्या गाडीपुढं फोडायला एक घ्यायचा होता. त्यानं मान बाहेर काढून भाव केला, विकणारीनं एक उचलून पुढं केला.

"दोन दे," मुनिराज म्हणाला. "घरात पण एक मशीन आलंय."