ज्वारीऐवजी थर्माकोल

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. माझ्या मुलीला, साक्षीला, ती माहीत आहे, कारण ती मी तिच्याकडूनच करवून घेतली.

मेहकरच्या एका सभागृहात, स्टेजमागच्या खोलीत मी गुडघ्यांवर बसलो होतो. समोर टेबलाखाली पवन होता. अकरा वर्षांचा. दोन्ही तळहात तो पँटवर इतके जोरात घासत होता की लालभडक झाले होते. बाहेर माइकवर आमच्या नाटकाचं नाव पुकारलं जात होतं. नाटकातलं मुख्य काम पवनचं होतं.

मी विशेष शिक्षक आहे. माझी अशी एक शाळा नाही. वार ठरलेले असतात. मोटरसायकल काढायची आणि गावोगावच्या शाळांत जायचं. माझ्याकडची बरीच मुलं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली. ‘सर, हा बिमारीतून कधी उठंल?’ असं लोक विचारतात. ही बिमारी नाही. मेंदूची घडण वेगळी आहे. आवाज, स्पर्श, गर्दी या मुलांना आपल्यासारखी जाणवत नाही. काही मुलं बोलतात, काही बोलत नाहीत. पवन बोलत नाही.

पवन अमडापूरचा. घरी भाजीपाल्याचं शेत. त्याला नाद एकच, ज्वारीचा. मूठभर ज्वारी घ्यायची, कानाजवळ न्यायची आणि या हातातून त्या हातात सोडत राहायची. आमच्या भाषेत याला स्टिमिंग म्हणतात. मन ताळ्यावर राहावं म्हणून मूल एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतं. आपण पाय हलवतो, नखं खातो, तसंच. पण नखं खाल्ली तर घरभर ज्वारी होत नाही.

“कोठी उघडी दिसली का झालंच,” त्याची आई वंदनाताई पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. “सांडते, अन् आजीचा मार खाते. अन्न पायाखाली येते म्हणते थे.”

नाटकाची कल्पना तिथेच सुचली. या मुलांना अभिनय शिकवायचाच नाही. ती जे करतात तेच घ्यायचं आणि त्याचं नाटक करायचं. चार-पाच मुलं आनंद झाला की हात फडफडवायची. ती झाली पाखरं. पवन चवड्यांवर उभा राहून हात पसरायचा. तो झाला बुजगावणं. लोकांची नजर त्याला सहन होत नाही, म्हणून तोंडावर मुखवटा. शेवटी पाखरं थकतात आणि बुजगावणंच त्यांना मुठीतून ज्वारी घालतं. एवढंच नाटक.

शेतातले आवाज आयांनी काढायचे ठरलं. कुणी थाळी वाजवायची, कुणी शीळ घालायची. वंदनाताई लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकत. सरावाच्या पहिल्या दिवशी त्या पदर तोंडाला लावून नुसत्या हसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक घातली, “हाऽऽ होऽऽ होऽऽ!” खिडकीतली कबुतरं खरीच उडाली.

“अव माय,” दुसरी एक आई म्हणाली, “एवढा मोठा आवाज कुठी दाबून ठेवला होता?”

“सासरी कोन ओरडू देते?” वंदनाताई म्हणाल्या.

ती हाक म्हणजे पवनचा क्यू. क्यू म्हणजे नटाला मिळणारा इशारा: हे झालं की तू हे करायचं. पवन सरावात कधी हाकेआधीच मूठ सोडायचा, कधी सोडायचाच नाही. पण ज्वारी हातात असली की जागचा हलायचा नाही.

मेहकरच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आयोजक साहेब स्टेज पाहायला आले.

“सर, हे पोतं कायचं?”

“ज्वारी आहे. नाटकात लागते.”

“स्टेजवर सांडणार? अहो, त्याच कार्पेटवरून पाहुणे चालणार, तिथंच सत्कार. अन्न तुडवायचं का आपण? शूटिंग वरच्या साहेबांकडे जाणार आहे. कुणी बोट दाखवलं तर उत्तर तुम्ही देता का?”

“मुलाला त्याचीच सवय आहे, साहेब.”

“थर्माकोलचे दाणे करून घ्या डेकोरेशनवाल्याकडून. पांढरं ते पांढरं. लांबून कुणाच्या बापाले कळते?” मग जाता जाता म्हणाले, “पहिलीच वेळ आहे. फजिती झाली तर पुढच्या वर्षी मले विचारू नका.”

मी ‘हो’ म्हटलं. साहेब तसे जगावेगळं काही बोलत नव्हते. पायाला दाणा लागला तर मीही वाकून हात कपाळाला लावतो. आमच्याकडे सगळेच लावतात. पण ‘मुलाच्या हातातली वस्तू आयत्या वेळी बदलू नका’ हे मी स्वतः ट्रेनिंगमध्ये शिक्षकांना सांगत आलोय. त्या सकाळी मी ते नाटक प्रेक्षकाच्या खुर्चीवरून पाहिलं. पवनच्या तळहातावरून पाहिलं नाही.

संध्याकाळी पवनने थैलीत हात घातला. थर्माकोल हाताला चिकटला. त्याने हात झटकला, पडेना. मूठ कानाशी नेली, आवाज नाही. वजन नाही. त्याने थैली फेकली आणि टेबलाखाली शिरला. याला मेल्टडाउन म्हणतात. हा हट्ट नव्हे. घरातला फ्यूज उडावा तसं ते असतं. फ्यूजवर ओरडून दिवा लागत नाही.

आता खरी कबुली. ज्वारीचं पोतं त्याच खोलीच्या कोपऱ्यात होतं. ते उघडायचं आणि साहेबांचं ऐकायचं नाही, एवढंच करायचं होतं. मी नाही केलं. पुढच्या वर्षी कार्यक्रम मिळणार नाही, साहेब चारचौघांत बोलतील, बाहेर पवनचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइल धरून बसले आहेत, असं सगळं एकदम डोक्यात आलं. आणि साक्षी दारात उभी होती. सहावीत. पवनएवढीच उंच. सगळे सराव तिने पाहिलेले.

“हा बुजगावण्याचा सदरा घाल,” मी म्हणालो.

“बाबा, मी नाही.”

“फक्त उभं राहायचं आहे.”

“पवनच्या आईला काय सांगायचं?”

“नंतर सांगू.”

तिने मुखवटा चढवला, फेकलेली थर्माकोलची थैली उचलली. आतून तिचा आवाज आला, “बाबा, हे खोटं आहे ना?” मी तिला दाराबाहेर ढकललं. हलकेच, पण ढकललं.

मग खोलीत मी आणि पवन. भिंतीपलीकडे थाळ्या वाजू लागल्या. पाखरं आली असावीत, लोक हसले. पवनचे हात थांबले. तो टेबलाखालून बाहेर आला, सरळ पोत्याकडे गेला, दोन्ही मुठी भरल्या आणि खोलीच्या मध्यभागी येऊन चवड्यांवर उभा राहिला. हात पसरलेले. मुखवटा नाही, सदरा नाही.

सोडेल, आत्ता सोडेल, असं वाटत होतं. त्याने सोडली नाही. पलीकडे आवाज वाढत गेला, एकदम थांबला, आणि माइकवरून वंदनाताईंची हाक आली. “हाऽऽ होऽऽ होऽऽ!” शेवटी जरा चिरकली.

पवनने मूठ उघडली. हळूहळू. ज्वारी फरशीवर तडतडली. एक मूठ संपल्यावर त्याने माझा हात धरला, उलटा करून तळवा वर केला आणि दुसरी मूठ त्यात रिकामी केली. मग माझा हात उचलून माझ्याच कानाला लावला. ऐक, म्हणून.

पलीकडे टाळ्या पडत होत्या.

हे कुणीच पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मी काय केलं? कुणी आत यायच्या आधी कोपऱ्यातला झाडू घेऊन ज्वारी गोळा केली आणि पोत्यात भरली. साक्षी आली तेव्हा तिचा सदरा काढून ठेवला, मुखवटा पवनच्या हातात दिला आणि त्याला बाहेर नेलं.

वंदनाताई धावत आल्या. त्यांनी मुखवट्याचेच मुके घेतले. “सर, पाह्यलं का तुमी? पाय टेकवून उभा होता आज! जल्मात टाच टेकवली नाई पोरानं, अन् आज पाहा!”

टाच साक्षीची होती. मी म्हणालो, “हो ना.”

साहेबांनी खांदा थोपटला. “पाहा, काही अडलं का थर्माकोलनं?”

ज्याला बोलून सांगता येत नाही अशाच मुलाच्या नावावर मी खोटं जमा केलं. पुढे कधी ते उघडं पडलंच, तर त्याच्या तोंडून पडणार नव्हतं, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. मुलांना व्यक्त व्हायला शिकवणं हा माझा व्यवसाय आहे.

गोष्ट इथे संपली असती तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण पवनच्या वडिलांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घरोघर फिरला. काही महिन्यांनी वंदनाताईंचा फोन आला. माहेरी पाहुणे जमले होते. सगळे म्हणाले, पवनचं नाटक दाखव. व्हिडिओत दिसलं तसंच करायचं म्हणून त्यांनी गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल किसणीवर किसला होता.

“हात लावत नाई, सर. किंचाळून राह्यला. डोकं आपटून घेतलं भिताडावर. मी बी मारलं त्याले सगळ्यांसमोर.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्याजवळ करते, माह्याजवळ काऊन नाई करत? माह्यात काय कमी हाये?”

तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणालो, “गर्दी असेल, ताई. होतं असं.”

त्यानंतर त्या पवनला सरावाला घेऊन आल्या नाहीत. मी शाळेत गेलो की दुरून नमस्कार करतात. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “कायले उगाच? तुमचं तुमी करा. माह्यं काय काम त्याच्यात?” ती हाकही मग कुणी घातली नाही. साक्षी आता नववीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाग घेत नाही. का, ते मी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

पवनशिवाय नाटक अजून चालू आहे. आता स्टेजवर सतरंजीवर पांढरं धोतर अंथरतो, ज्वारी त्यावर पडते, नंतर गोळा करून जात्यावर जाते. कुणाच्या पायाखाली येत नाही. इतकं सोपं होतं. त्या सकाळी ‘हो’ म्हणायच्या आधी जरा थांबलो असतो तर सुचलंही असतं. लांबून थर्माकोल ज्वारीसारखाच दिसतो, पण आमचं काम लांबून करायचं नसतं. एवढं शिकायला मला नोकरीची वीस वर्षं पुरली नाहीत.

नावं मी बदलली आहेत. गाव बदललेलं नाही. हे छापून येण्याआधी मला अमडापूरला जायचं आहे, वंदनाताईंच्या ओसरीवर बसायचं आहे, आणि त्यांना सांगायचं आहे की स्टेजवर तुमचा मुलगा नव्हता. तो मागच्या खोलीत होता, चवड्यांवर उभा होता, आणि तुमची हाक येईपर्यंत त्याने मूठ उघडली नाही.

मोटरसायकल दोनदा अमडापूरच्या अलीकडे, चिखलीपर्यंत नेऊन परत आणली आहे. हे सांगणं अजून माझ्यावर त्यांचं देणं आहे.