लोलकावरचं बोट

बाळांनो, डिसेंबर लागला की इथे कुवेतमध्ये अबू हलीफाच्या समुद्रावरचा वारा मऊ होतो, आणि समोरच्या दारातून शिजत्या गव्हाचा, बडीशेपेचा वास माझ्या देवघरापर्यंत येतो. उम्म इलियास, म्हणजे इलियासची आई, सीरियाची ख्रिश्चन. संत बार्बराच्या सणाला ती गोड गहू शिजवते, वर डाळिंबाचे दाणे पेरून वाडगा घेऊन येते आणि तुमच्या बाबांच्या नावानं मला ‘उम्म निखिल’ अशी हाक मारते.

यंदा ती आली तेव्हा माझी सकाळची आरती चालली होती. ती दारातच थबकली. “घंटी हलवतेस, मग वाजत कशी नाही?”

मी घंटीच्या लोलकावरचं बोट दाखवलं. भिंती पातळ, मुलूख परका, म्हणून तीस वर्षं मी लोलक बोटानं धरूनच घंटी हलवते.

“कुणी तक्रार केली होती?”

मला एकही नाव आठवेना.

मग ती बसली. नवऱ्याची नोकरी संपलेली, महिनाअखेर इथला राहण्याचा परवाना संपणार. गावी परतायचं की कॅनडात इलियासकडे जायचं, ते आज ठरणार होतं. सीरियातल्या त्या हुकूमशहाच्या काळात त्यांच्या गावच्या चर्चची घंटा शिवारभर घुमायची, पण गावातली तिची बहीण फोनवर हवापाण्यापलीकडे बोलायची नाही. तो देश सोडून पळाला आणि बहिणीला वाचा फुटली. इस्लामी बंडखोरांच्या नव्या सरकारला ती आता मनसोक्त नावं ठेवते. घंटा मात्र तेव्हापासून मुकी.

“बंदी आली?”

“कुणी अवाक्षर काढलं नाही गं. आमचे फादरच म्हणतात, जरा थांबू.” आणि ती हसली, “तुझंच बोट!”

आज सणाला घंटा वाजली तर गावी जायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. वाडगा निम्मा झाला तेव्हा फोन आला. फादर कचरत होते, म्हणून साठीच्या बहिणीनं स्वतःच दोर ओढला होता. तीनदाच, मग खांदे भरून आले.

“मग, जाणार?” मी विचारलं.

“जायलाच हवं. एकटीनं किती ओढेल ती?”

महिनाअखेर समोरच्या दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या सकाळी मी लोलक सोडला. घंटी खणखणली, आणि मी कान देऊन उभी राहिले. कुणी आलं नाही.

तरी त्याच्या पुढच्या सकाळी बोट पुन्हा आपल्या जागी होतं. त्याला तिथे कुणी बसवलं, ते मी अजून शोधते आहे.