वाटेवरची घागर

शाहू महाराजांच्या राज्यात, शिरोळच्या रानात माझ्या पद्मावतीमावशीचं गुऱ्हाळ होतं. काम लवकर उरकावं म्हणून तिनं हट्टानं ऊस गाळायचा लोखंडी चरक आणवला. पण नवऱ्यापुढं, बापूसोकाकांपुढं, चरक तरी काय करणार? गुऱ्हाळ नृसिंहवाडीच्या वाटेवर. देवाला निघालेलं माणूस दिसलं, की काका चरकाचे बैल थांबवायचे, ‘या पावणं’ म्हणून रस पाजायचे आणि पाक ढवळणाऱ्या गड्यासकट सगळ्यांना गप्पांत ओढायचे. काहिलीत पाक करपायचा.

“अवो, देव वाडीत हाय, आपल्या चरकावर न्हाय!” मावशी ओरडायची. “जाऊ द्या की त्येंना!”

“रस न पाजता? लोक काय म्हणतील?”

एका सकाळी तिनं रसाची घागर आणि काकांचं घोंगडं उचललं आणि लांब वाटेच्या कडेला नेऊन ठेवलं. “हितं बसा आन् पाजा. चरकाकडं फिरकलासा तर बघा!”

त्या दिवशी बैल थांबले नाहीत, पाक करपला नाही. ऊन कलायच्या आत शेवटची काहील उतरली. रिकामी घागर घेऊन काका परतले, गुळाच्या ढेपा बघून खूश झाले आणि गड्यांना म्हणाले, “बघा, आज मी सोता दिवसभर राबलो, तवा कुठं काम उरकलं!”

दुसऱ्या दिवशी मावशीनं दोन घागरी भरल्या.