दोन जावांची हळदीची गाणी

अमरावतीत आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी गाणी मिक्स करतो. टेबलावर दोन छोटे मॉनिटर स्पीकर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या. कामं बहुतेक जाहिरातींची, नाहीतर शाळांच्या गॅदरिंगची. मागच्या उन्हाळ्यात मात्र अकोटहून दोन जावा आल्या. थोरली साठीच्या पुढची, धाकटी पन्नाशीतली. धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि नंतर ती जर्मनीला जाणार होती. तिच्यासोबत द्यायला दोघींना घरातली हळदीची गाणी रेकॉर्ड करायची होती.

रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो. दोघी घामाघूम झाल्या, पण गात राहिल्या. थोरलीचा आवाज खणखणीत, शेजारच्या गल्लीत जाईल असा. धाकटीचा मऊ, ओळीच्या शेवटी विरत जाणारा.

गाणी संपल्यावर धाकटी तोंड धुवायला गेली, तशी थोरली माझ्याजवळ सरकली.

"भाऊ, धाकलीचा आवाज वाढवा. माया आवाज दबला तरी चालते. पोरीले तिकडं मायचा आवाज आयकू आला पायजे. पण तिले सांगू नका."

मी हो म्हटलं. संध्याकाळी अकोटला पोचल्यावर धाकटीचा फोन आला.

"भाऊ, मोठ्या बाईचाच आवाज वर ठेवा. गाणी तिचीच हायत, मी तं लग्न होऊन आल्यावर तिच्यापासून शिकली. पोरीले बी तिनंच खेळवलं. मी बोलली म्हणून तिले सांगू नका."

तिलाही मी हो म्हटलं आणि मग हसत बसलो.

मिक्सिंग करताना मी मॉनिटर अगदी हळू ठेवले. हळू आवाजात कोण मागे पडतंय ते लगेच कळतं. धाकटीच्या ओळींची टोकं उचलली. थोरलीला कुठेच खाली ढकललं नाही. एकीला जरासं डावीकडे ठेवलं, दुसरीला उजवीकडे, माझ्यासमोर बसल्या होत्या तशा. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबून ऐकत राहिली.

"बहिणी आहेत का या, असं विचारावंसं वाटतं," ती म्हणाली. मी मिक्स तिथेच थांबवलं.

हळदीला त्यांनी मलाही बोलावलं. मांडवात स्पीकरवर गाणं लागलं, तशी थोरली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं केलं भाऊ, धाकली वर आली." तेवढ्यात पलीकडून धाकटीनं समाधानानं मान डोलावली.

दुसऱ्या गाण्याला दोघींना राहवलं नाही. त्या स्वतःच गाऊ लागल्या, बाकीच्या बायकांनी सूर धरला आणि स्पीकर कुणालाच ऐकू येईना. नवरीनं तो बंद करायला सांगितला आणि दोघींना आपल्या दोन बाजूंना बसवून घेतलं.

मी पंगतीत पोटभर जेवलो आणि अमरावतीची एसटी पकडली.