पी.पी. नंबरवर आलेला निरोप

१९९६च्या एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी, आर्वीत, माझ्या भाड्याच्या घरातल्या फोनवर शेजारच्या शंकरराव नेहारे यांच्यासाठी निरोप आला. तो मी त्यांना दिला नाही. त्या निरोपाच्या आधारे रविवारी मी स्वतः प्लॉट घेतला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. फोन आला तेव्हा ती घरात नव्हती, आणि नंतर तिने काही विचारलं नाही. घरात चालून आलेल्या चांगल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा आर्वीचा वार्ताहर होतो. बातमी कशी लिहायची ते अंगवळणी पडलेलं — काय झालं, कुठे, कुणाला. स्वतःचं मत नको. हेही तसंच लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, ‘निरोप पोचू शकला नाही.’ वाचलं आणि कागद फाडला. निरोप रस्त्यात हरवला नव्हता. तो माझ्या कानात पूर्ण आला होता, शब्दन् शब्द.

आधी फोनबद्दल सांगतो. एसटी डेपोच्या मागच्या आमच्या गल्लीत तो पहिला. बाकीच्यांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून होते. मला पत्रकार म्हणून लवकर मिळाला. महिन्याभरात तो गल्लीचा झाला. लग्नाच्या पत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर आमचा नंबर छापून यायचा आणि पुढे ‘पी.पी.’ — म्हणजे शेजाऱ्याचा. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचा सासरा गेला, सगळं आधी मला कळायचं. मी चप्पल पायात सरकवून बोलवायला जायचो. कंटाळा केला नाही, निरोपात शब्द बदलला नाही. त्याचा मला अभिमान होता. लोकही म्हणायचे, प्रभाकरभाऊंकडे सांगितलं म्हणजे पोचलं समजा.

शंकरभाऊंना मात्र कधी कुणाचा फोन येत नसे. ते गल्लीच्या तोंडाशी, सरोदे मास्तरांच्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला, टिनाच्या खोपट्यात इस्त्रीचं दुकान चालवत. कोळशाची इस्त्री. मी जाता-येता दिसलो की हाक यायचीच.

“काय जी पत्रकार भाऊ, तुमचा फोन आमच्यावर रुसून राह्यला काय? साऱ्या गल्लीले बलावते, मलेच नाई बलावत.”

“तुम्हाला कोण फोन करणार, शंकरभाऊ?”

“तेच त म्हनतो. एखाद्या दिवशी तुमीच करजा. मी इथूनच ‘हालो’ म्हनतो.”

एकदा त्यांच्या साळ्याचा फोन आला. ते धावत आले, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून ओरडून बोलले. ते गेल्यावर बायकोने ओलं फडकं आणून रिसीव्हर पुसला. कोळशाचा वास राहतो म्हणाली. सायकलवाल्याचे तेलकट हातही त्या रिसीव्हरला लागायचे. तेव्हा फडकं निघत नसे. हे मी पाहिलं होतं. तिला काही बोललो नाही — आणि हे मी तिच्यावर ढकलायला लिहीत नाही. पुसलेला रिसीव्हर मलाही बरा वाटला होता.

तो प्लॉट शंकरभाऊंना हवा होता. सरोदे मास्तर निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. त्यांनी मला सातवीत शिकवलं होतं. इथे असताना त्यांचे कपडे शंकरभाऊंकडेच धुवायला आणि इस्त्रीला असत. दिवाळीत ते आले तेव्हा शंकरभाऊंनी त्यांना आपला आकडा सांगितला. मास्तर म्हणाले, मुलाला विचारतो आणि फोन करून कळवतो. कुठे करू? शंकरभाऊंनी माझ्या घराकडे बोट दाखवलं.

त्या आकड्यामागे काय होतं ते गल्लीला माहीत होतं. पतसंस्थेचा माणूस रोज संध्याकाळी खोपट्याशी सायकल टेकवून ‘डेली’, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे, घेऊन जायचा. आदल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, हातातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या आणि काचेच्या आल्या. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, “प्लॉटात पेरल्या जी. घर उगवन आता.” मागे दोन खोल्या, पुढे रस्त्यावर पक्कं दुकान, एवढंच त्यांना करायचं होतं.

आणि मला? खरं म्हणजे मला प्लॉट नको होता. निदान तोवर नको होता. पण त्या दोन-तीन वर्षांत गाव बदलत होतं. गल्लीपलीकडच्या तुरीच्या शेतात चुन्याच्या रेघा पडल्या, नंबरांचे दगड रोवले गेले, आणि शेताला लोक ‘लेआउट’ म्हणू लागले. चहाच्या टपरीवर पिकाचं बोलणं मागे पडून प्लॉटचं बोलणं सुरू झालं. माझ्या साळ्याने दोन घेतले. कचेरीतला शिपाईसुद्धा ‘बुकिंग’ म्हणायला लागला. माझ्याकडे वडिलांच्या शेतातल्या हिश्श्याचे पैसे बँकेत पडून होते, आणि मी भाड्याने राहत होतो.

ते चाललं असतं. चाललं नाही ते वेगळंच. शंकरभाऊ माझ्याआधी घरमालक होणार होते. माझ्या रोजच्या रस्त्यावर, कोपऱ्यावर, त्यांच्या नावाची पाटी लागणार होती — आणि मी बी.ए. झालेला माणूस तिच्यावरून भाड्याच्या घराकडे जाणार होतो. इतकं किरकोळ कारण. गरज असती तर निदान सांगताना तोंड उघडलं असतं.

त्या गुरुवारी फोन वाजला.

“कोण, प्रभाकर का? अरे, सरोदे बोलतोय. नेहाऱ्यांना एक निरोप दे. म्हणावं, तुमचा आकडा मला मान्य आहे. रविवारी मी वर्ध्याला भाच्याकडे आहे, इसार घेऊन या. आले नाहीत तर त्यांचा विचार बदलला असं समजेन. मुलाच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक थांबलंय, पण शब्द आधी शंकरला दिलाय. सांगशील ना?”

“सांगतो, सर,” मी म्हणालो.

खोपटं माझ्या दारातून दिसत होतं. शंकरभाऊ निखाऱ्यांवर फुंकर घालत होते. मी चप्पल पायात घातली. मग काढली. त्या क्षणी काही ठरवलं होतं का? नाही, असं म्हणायला मला आवडेल. पण चप्पल काढणं हे ठरवणंच होतं.

संध्याकाळी ते स्वतः दाराशी आले.

“मास्तरचा फोन गिन आलता काय जी?”

“नाही.”

“येईन म्हना. मास्तर शब्दाचा पक्का माणूस हाय.”

शुक्रवारी विचारलं, शनिवारी विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. शनिवारी तर वर म्हणालो, “म्हातारी माणसं आहेत. विसरतात.”

रविवारी सकाळच्या एसटीने मी वर्ध्याला गेलो. मास्तरांनी माझ्या मागे पाहिलं.

“शंकर नाही आला?”

“त्यांचा विचार बदलला, सर. पैसे मुलीच्या लग्नासाठी ठेवायचं म्हणतात.”

शंकरभाऊंना मुलगी होती आणि ती लग्नाच्या वयाची होती. खोट्यात खरं मिसळलं की ते टिकतं, हे मी पुढाऱ्यांच्या पत्रकार परिषदांत शिकलो होतो. मास्तर म्हणाले, “स्वतः येऊन सांगायला हवं होतं त्याने.” मी म्हणालो, “संकोच वाटला असेल.” आणि मग म्हणालो, सर, तुमची हरकत नसेल तर मीच घेतो.

इथे थांबलो असतो तरी पुरेसं घाण होतं. मी भाव केला. शंकरभाऊंनी न कुरकुरता जो आकडा दिला होता, त्याहून कमी मी मागितला, आणि जुना विद्यार्थी म्हणून मास्तरांनी दिला. परतताना मी बसस्थानकावर दोन समोसे खाल्ले. चव चांगली होती. हे आठवतं आणि तोंडात अजून कडवटपणा येतो — त्या दिवशी आला नव्हता, म्हणून.

सोमवारी मी खोपट्याशी गेलो.

“शंकरभाऊ, मास्तरांनी प्लॉट दिला.”

इस्त्री थांबली. “मले?”

“नाही. मला. काल वर्ध्यात भेट झाली.”

त्यांनी इस्त्री उभी केली. “काऊन? मी त इसार घेऊन तयार होतो. आकडा कमी पडला काय?”

“आकड्याचं काही बोलले नाहीत. माणूस पाहून देईन म्हणाले.”

हे वाक्य मी एसटीत तयार केलं होतं. मास्तरांनी असं काही म्हटलं नव्हतं. तसा विचारही त्यांच्या मनात आला नसता. पण ‘माणूस पाहून’ म्हटलं की आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही. कपडे धुणाऱ्याच्या जातीतल्या माणसाला तर नाहीच. मी जातीचा शब्द उच्चारला नाही. ते काम मी शंकरभाऊंवर सोडलं.

त्यांनी ते केलं. बराच वेळ हातातल्या शर्टाची कॉलर सरळ करत राहिले, मग म्हणाले, “आमच्या हातचे कपडे चालते मास्तरले. आमचं घर नाई चालत.”

आतून शांताबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “जाऊ द्या जी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “पत्रकार भाऊनं घेतला हे बरं झालं. परक्याच्या घशात त नाई गेला.”

मी चहा घेतला. त्यांनी दिला आणि मी घेतला.

पुढे घर बांधलं. खोपटं मी राहू दिलं, भाडं न घेता. गल्लीत माझं नाव झालं — बघा, प्लॉट घेतला तरी गरिबाला हलवलं नाही. लोक माझ्या तोंडावर हे म्हणायचे आणि मी ‘असू द्या हो’ म्हणायचो. शंकरभाऊ माझे कपडे आधी करून द्यायचे.

२०००च्या हिवाळ्यात शाळेच्या एका कार्यक्रमाला मास्तर आर्वीत आले. माझं घर पाहायचं म्हणून मी त्यांना घेऊन येत होतो. दुसरा रस्ता नव्हता. खोपट्यापाशी ते थांबले.

“काय शंकर, ओळखलंस का?”

शंकरभाऊंनी मान वर केली नाही. हातात तापलेली इस्त्री होती, समोर कपड्यांचा ढीग. “दुकान बंद हाय, मास्तर,” ते म्हणाले आणि इस्त्री फिरवत राहिले.

मास्तरांचा चेहरा उतरला. “अरे, मी काय केलं तुझं?”

“तुमी काय करान? तुमी मोठे लोक. माणूस पाहून बोलता.”

मास्तरांना काहीच कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. “प्रभाकर, विचार याने बदलला, आणि राग माझ्यावर?” ते हळू बोलले होते, इस्त्रीच्या ठोक्यात शंकरभाऊंना ऐकू गेलं नाही. अजून एकदा मोठ्याने बोलले असते तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. दोघे समोरासमोर उभे होते. दोघांना वाटत होतं, समोरच्याने शब्द मोडला. आणि मध्ये मी.

मी काय केलं? “चला सर, उन्हात उभे राहू नका,” म्हणालो, त्यांना कोपराला धरलं आणि माझ्या घरात नेलं. ऊन कोवळं होतं.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला. घरासमोर मी दोन गाळे काढले. खोपटं मध्ये येत होतं. मी शंकरभाऊंना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. बाकीच्या भागात दुकानाचं भाडं त्यांना परवडेना. डेलीतली बचत मुलीच्या लग्नात आणि शांताबाईंच्या दवाखान्यात गेली होती. ते पुलगावला गेले. एका गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. महिन्याच्या पाच तारखेला भाडं येतं.

२००४ साली सरोदे मास्तर पुण्यात वारले. बातमी मीच पाठवली. तिच्यात मी ‘शब्दाला जागणारे शिक्षक’ असं लिहिलं.

यंदा, २००९च्या मे महिन्यात, मी पुलगावला गेलो. सांगायलाच गेलो होतो. शंकरभाऊंची एक खोली, दाराशी टेबल, टेबलावर विजेची इस्त्री. मला पाहून ते हसले, पोत्यावर बसायला जागा केली. शांताबाई दिसल्या नाहीत म्हणून विचारलं. जानेवारीत गेल्या म्हणाले.

“तुमाले निरोप धाडाव म्हटलं,” ते म्हणाले, “पन नंबर बदलला म्हने तुमचा.”

मग मास्तरांचा विषय त्यांनीच काढला. “तवा पेपरात वाचलं. ‘शब्दाला जागणारे’. मले हसू आलं. शांता म्हने, मेलेल्या माणसाले हसू नाई. ते तुमी लिवलं नसन, भाऊ. तुमाले त सारं माईत होतं.”

“नाही,” मी म्हणालो. “ते ऑफिसात लिहितात.”

मी सांगायला गेलो होतो, आणि हे सांगून आलो.

खोली सोडायला सांगितलंय, असंही ते त्या दिवशी म्हणाले होते; वार्ताहराच्या सवयीने मी निघताना घरमालकाकडे चौकशी केली. ते खरं निघालं. खोली भाड्याची आहे, आणि पोळ्याच्या आत ती रिकामी करायला शंकरराव नेहारे यांना सांगण्यात आलं आहे.