मार्टाबाईंचा पियानो

चार जुने हिंगणघाटकर जमले की मार्टाबाईंचा विषय निघतोच. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला आठवतो आणि चहा गार होतो!

बाई जर्मनीच्या. तिकडे मोठमोठ्या हॉलमध्ये पियानो वाजवायच्या. दुसऱ्या महायुद्धात त्यातला एक हॉल बाँबने गेला, श्रोत्यांसकट. तेव्हापासून लोकांसमोर वाजवणं बंद. लढाई संपल्यावर नवरा इथल्या गिरणीत इंजिनिअर म्हणून आला, त्याच्यासोबत बाईही आल्या. तो वारल्यावरही बाई इथंच राहिल्या आणि आम्हा पोरींना शिकवू लागल्या. मराठी त्या सखूबाईकडून शिकल्या, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकीणबाईकडून. त्यामुळे ही गोरीपान जर्मन बाई आमच्यावर ओरडायची, "काऊन थांबली वं? वाजव!"

*

उन्हाळ्यात त्या घरात गारव्यासाठी पाणी मारलेली वाळ्याची ताटी एकच, ती पियानोच्या खोलीला! लाकूड तडकू नये म्हणून. एकदा तहसीलदार घामाने निथळत भेटायला आले. बाईंनी त्यांना व्हरांड्यातच बसवलं. म्हणाल्या, "तुमाले तडा नाई जात!"

*

खंडेनवमीला सखूबाईने पियानोला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि झाकण लावून टाकलं. बाई रियाजाला आल्या तर ही आडवी उभी. "आज हत्याराले हात लावाचा नसते, बाई. त्याले सुट्टी हाय, झोपू द्या!"

बाई दिवसभर अंगणात येरझारा घालत होत्या. संध्याकाळी हळूच विचारतात, "उठला का तो?"

*

रियाज त्या खिडक्या लावून करायच्या. कलेक्टरच्या बायकोने कार्यक्रमासाठी गळ घातली, तिलाही उत्तर एकच, "मी शिकवते. वाजवत नाई." इतकी वर्षं शिकले, पण बाईंना समोर बसून पुरतं ऐकलं नाही, याची मला फार हळहळ वाटायची.

*

पुढे आमची लग्नं झाली, शिकायला कोणी उरलं नाही. छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराला बाईंनी पियानो नागपूरच्या एका शाळेला द्यायचं ठरवलं. "मी वाजवत नाई, मंग त्याले काऊन कोंडून ठेवू?" पियानो ट्रकवर चढला. बाई त्याला पोचवायला निघाल्या, मीही सोबत निघाले. बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

वाटेत जाम गावाला ट्रक चहासाठी थांबला. ड्रायव्हर दौलतभाऊ मागे बघत म्हणाला, "बाई, वाजते तरी का हो हे?"

"वाजते का म्हंजे?"

बाई ताडकन उठल्या, फ्रॉक सावरत ट्रकवर चढल्या, एका पोत्यावर बसल्या आणि वाजवू लागल्या. पुरतं वाजवलं! बैलगाड्या थांबल्या, हॉटेलवाल्याची भजी करपली. मी तर उभ्या जागी रडत होते.

दौलतभाऊने कप खाली ठेवला आणि गाडीत बसून ट्रकचं तोंड हिंगणघाटकडे फिरवलं.

"काऊन फिरवला, भाऊ?" मी घाईने केबिनमध्ये चढत विचारलं.

"देऊन टाकाची चीज हाय का हे, ताई?"

बाई पोत्यावरून उठल्याच नाहीत. मागूनच ओरडल्या, "हळू चालवजो रे! खड्डे हायेत."